दुखणारच

(सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती-व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

स्वयंपाक आवरून, मुलं कुणाच्या तरी ताब्यात देऊन इथवर आलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

ज्यांच्या आठवणीसाठी ही माला चालते, त्यांना आपल्यापैकी कुणी कधी नावानं हाक मारली नाही. त्या नर्सबाई होत्या. पांढरी साडी, खांद्याला पिशवी, पायांत रबरी चपला आणि उपकेंद्रापासून वाड्यावस्त्यांपर्यंतची रोजची पायपीट. त्यांच्या स्मरणार्थ बोलायचं तर विषय भारदस्त घ्यावा, असं संयोजकांनी सुचवलं होतं. मी म्हटलं, गरोदरपणातल्या कंबरदुखीवर बोलते. फोनवर पलीकडे थोडी शांतता पसरली. मग ते जरा चाचरत म्हणाले, "डॉक्टर, तासभर पुरेल ना हो एवढा विषय?"

पुरेल. बायकांना तो नऊ महिने पुरतो.

आधी आपल्या भाषेपासून सुरुवात करू. दिवस भरत आलेल्या बाईला आपण अवघडलेली म्हणतो. रात्रभर एकाच कुशीवर झोपलं की मान अवघडते, एसटीच्या मागच्या बाकावर अंग चोरून बसलं की पाय अवघडतात. तोच शब्द आपण पोटुशीला दिला आणि तिचं दुखणं तिच्या वर्णनातच बसवून टाकलं. पाठीचंही तसंच. आईच्या पोटातून आपल्यानंतर जन्मलेला तो पाठचा भाऊ. एकामागून एक लेकरं झाली तर ती पाठोपाठची. जुन्या बायकांनी हे शब्द वापरले तेव्हा त्यांच्या मनात कुणाची पाठ असेल, मला माहीत नाही. दवाखान्यात बसून मला मात्र त्यात आईचीच पाठ दिसते. दोन बाळंतपणांत अंतर नसलं की पहिल्या वेळची कंबर सावरलेली नसते आणि तिच्यावर दुसरं ओझं येतं. आधीच्या खेपेला ज्यांची कंबर दुखली, त्यांची पुढच्या खेपेला दुखण्याची शक्यता जास्त, हे आता अभ्यासांतूनही दिसलं आहे.

आणि मग येतो तो 'च'. गरोदरपणात कंबर दुखणारच. सासू म्हणते, आई म्हणते, शेजारीण म्हणते, डॉक्टरही म्हणतात. त्यातली निम्मी गोष्ट खरी आहे. जगभरातले आकडे एकत्र केले तर साधारण निम्म्या गरोदर बायकांना, किंवा त्याहून जास्त जणींना, कंबर किंवा ओटीच्या हाडांचं दुखणं होतं. तेव्हा 'दुखते' म्हणणं बरोबर आहे. पुढे 'च' लागला की वाक्य मिटतं आणि विचारपूसही मिटते.

मी आयुष्यभर या 'च'च्या विरोधात होते असं समजू नका. नोकरीच्या सुरुवातीला मी तो सढळ हातानं वाटला आहे. एका सरकारी रुग्णालयात सकाळची ओपीडी होती, व्हरांड्यापर्यंत रांग होती. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई समोर आली. आठवा नुकताच लागलेला. "कंबर लई दुखायली," म्हणाली. मी मान वर न करता सांगितलं, "आता दुखणारच," आणि कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. तिला घेऊन आलेल्या नर्सबाई बाजूला उभ्या होत्या. त्या मला काही बोलल्या नाहीत. त्यांनी तिला विचारलं, "धरून राहतं का येतंय-जातंय?" येतंय-जातंय, ती म्हणाली. "किती वेळानं?" बाईकडं घड्याळ नव्हतं. तिनं थोडा विचार केला आणि सांगितलं, एक मोळी बांधून होईस्तोवर परत येतं.

नर्सबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. पोट कडक होत होतं, सैल पडत होतं, पुन्हा कडक होत होतं. कंबरेत येणाऱ्या त्या बाळंतपणाच्या कळा होत्या, एकतिसाव्या आठवड्यात. बाळाच्या फुप्फुसांसाठी जी इंजेक्शनं आईला द्यायची असतात, त्यांचा पहिला डोस तेवढा आम्हाला वेळेत देता आला. रात्री मुलगा झाला, १,४०० ग्रॅमचा. तो जगला. त्याचं श्रेय माझ्याकडे येत नाही.

म्हणून कंबरदुखीबद्दल सगळ्यात आधी सांगायचं ते हे: ३७ आठवड्यांच्या आत कंबर ठरावीक अंतरानं, लाटेसारखी दुखायला लागली, सोबत पोट घट्ट होऊ लागलं, पाणी किंवा रक्त जाऊ लागलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ आणि बरगड्यांखाली एका बाजूला पाठ दुखणं, हा मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो आणि गरोदरपणात तो झपाट्यानं वाढतो. पायातली ताकद गेली, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायचं. आणि संध्याकाळचा बारीक ताप, वजन वाढायच्या ऐवजी घटतंय, रात्री पाठीचा एकच मणका ठणकतोय, असं असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यवैद्यानं १७७९ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून पुस्तकांत तो पॉटचा रोग. आपल्याकडे अजून तो पुस्तकाबाहेरही भेटतो. एवढी यादी पाठ करा. उरलेलं विसरलात तरी चालेल.

आता नेहमीच्या, निम्म्या बायकांना होणाऱ्या दुखण्याकडं वळते.

एरवी गर्भाशयाचं वजन साठ-सत्तर ग्रॅम असतं, एखाद्या लिंबाएवढं. दिवस भरताना ते किलोच्या आसपास जातं. त्यात तीन किलोच्या घरातलं बाळ, अर्ध्या किलोची वार, जवळपास लिटरभर गर्भजल. हे सगळं कण्याच्या पुढे. पुढे टोपली धरून चालणारा माणूस काय करतो? मागे रेलतो. गरोदर बाई तेच करते. तिची चाल आपण लांबूनही ओळखतो ती त्या रेलण्यावरून.

हे रेलणं तिच्या हाडांत आधीपासून लिहिलेलं आहे. २००७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात कॅथरीन व्हिटकम, लायझा शापिरो आणि डॅनियल लीबरमन यांचा एक लेख आला. मला तो वैद्यकाच्या कितीतरी जाड ग्रंथांपेक्षा जास्त आवडतो. त्यांनी १९ गरोदर बायकांच्या उभं राहण्याची मापं घेतली. माणसाच्या कंबरेला आत जाणारा बाक असतो. चिंपांझीला तो नसतो. हा बाक पाचरीसारखे मणके एकावर एक बसून तयार होतो. पुरुषांत असे पाचरी मणके दोन, बायकांत तीन. मणक्यांना मागून जोडणारे सांधेही बायकांत आकारानं मोठे आणि जास्त तिरके. म्हणजे बाई मागे रेलली की ताण तीन मणक्यांत वाटला जातो, एकावर घसरत नाही. पुढे त्यांनी दक्षिण आफ्रिकेत सापडलेले, साधारण वीस लाख वर्षांपूर्वीचे ऑस्ट्रॅलोपिथेकसचे कणे पाहिले. तिथेही बाईच्या मानल्या गेलेल्या कण्यात हाच फरक आढळला. आपण दोन पायांवर उभे राहिलो तेव्हापासून गरोदर बाईच्या पाठीची ही तजवीज चालू आहे. फक्त ती पोटातल्या बाळाच्या हिशेबानं झाली, डोक्यावर हंडा आणि कडेवर थोरलं पोर हे त्यात धरलेलं नव्हतं.

दुसरं कारण हार्मोनचं. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ या प्राणिशास्त्रज्ञानं गिनिपिगांवर प्रयोग करताना पाहिलं, की गाभण मादीच्या रक्तातलं काहीतरी टोचलं की जघनास्थीचे बंध सैल होतात. पुढे त्याला रिलॅक्सिन हे नाव मिळालं. माणसातही ते आहे. तेव्हापासून सगळं खापर रिलॅक्सिनवर फुटतं. पण बाईच्या रक्तात ते सर्वांत जास्त असतं तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला, आणि कंबर बहुतेकींची दुखते पाचव्या-सहाव्यानंतर. कुणाच्या रक्तात किती रिलॅक्सिन आणि कुणाला किती दुखणं, यांचा मेळही नीट बसलेला नाही. सांधे सैल होतात हे खरं. तरी सगळं हार्मोनवर ढकलणं मला जरा जास्तच सोयीचं वाटतं, कारण हार्मोनला कुणी जाब विचारत नाही.

"कंबर दुखते" म्हणताना बायका हात कुठे ठेवतात ते मी बघते. काही जणींचा हात नाडी बांधतो त्या ओळीवर, मध्यभागी जातो. ही खरी कंबर. काही जणींचा त्याच्या खाली, ढुंगणाच्या वर दोन बाजूंना खळ्या असतात तिथे, किंवा पुढे जघनास्थीवर. हे ओटीच्या हाडांच्या सांध्यांचं दुखणं. साधारण पाचातल्या एकीला ते होतं. ओळखायला सोपं आहे. अंथरुणात कूस बदलताना जीव जातो. जिन्याची पायरी नको वाटते. सलवार घालताना एका पायावर उभं राहिलं की कळ येते. आपल्याकडे तिसरं निदानच जास्त लोकप्रिय आहे: नस दबलीय. खरोखर गादी सरकून नस दबलेल्या गरोदर बायका फार थोड्या. पण नस दबलीय म्हटलं की घरात जरा वजन पडतं, म्हणून बायकाही ते निदान सोडत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

हा फरक कळला की अर्धे उपाय आपोआप सुचतात. ओटीचे सांधे दुखत असतील तर दोन्ही पायांवर सारखा भार ठेवायचा. सलवार बसून घालायची. कूस बदलताना गुडघे एकमेकांना चिकटवून सगळं अंग एकदम वळवायचं. उठताना सरळ ताठ न उठता आधी कुशीवर यायचं, मग हाताचा जोर देऊन उठायचं. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी. उशी नसेल तर जुन्या साडीची घडी. आणि मोटारसायकलवर दोन्ही पाय एका बाजूला टाकून बसणं, हे तर त्या सांध्यांना पिळून काढणं आहे. साडीत दुसऱ्या तऱ्हेनं बसताही येत नाही, हे मला कळतं. मग निदान खड्ड्यांच्या रस्त्यानं तपासणीला आणताना गाडी हळू चालवा. नवरे इथे थोडेच आहेत, तरी ऐकणाऱ्यांनी घरी जाऊन सांगावं.

मात्र माझ्या मते दुखण्याचा मोठा भाग घरकामात आणि रोजगारात आहे. आपली केरसुणी बुटकी असते. ती धरून झाडायचं म्हणजे कंबरेतून दुमडायचं आणि तसंच घरभर फिरायचं. अंगण, गोठा, मग धुणं, मग फरशी. सून पोटुशी राहिली की फरशी पुसण्याला तर औषधाचं मोल येतं. वाकून पुस, बाळ खाली सरकेल, नॉर्मल होईल. चालतंफिरतं राहण्याचा फायदा आहेच. पण फरशी पुसल्यानं बाळंतपण सोपं होतं याला काही आधार नाही. तसं असतं तर ज्या घरात कामाला बाई येते, तिथे त्या बाईचीच बाळंतपणं सोपी झाली असती, आणि तिचं तसं काही झालेलं मी पाहिलं नाही.

आल्फ नाखेमसन या स्वीडिश अस्थितज्ज्ञानं १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब मोजला. सरळ उभं असताना जो दाब असतो, तो पुढे वाकून हातात वजन घेतलं की दुपटीहून जास्त होतो. पडून राहिलं की पाव हिश्शाच्या आसपास येतो. ही मापं गरोदर बायकांची नव्हती. त्यांच्या पुढे तर पोटाचं वजन आधीच लटकलेलं असतं. आता आपला हिशेब करा. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, हंड्याचं वजन वेगळं. चार खेपा म्हणजे साठ किलो. हे रोज, तेही स्वयंपाकाच्या आधी. नळ आलेत, म्हणाल. नळ आलेत, पाणी कधी येतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

शहरातल्या बायका यातून सुटल्यात असंही नाही. सात-आठ तास खुर्चीत बसून संगणकावर काम करणाऱ्या मुलीची कंबर वेगळ्या वाटेनं तिथेच पोचते. फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षिका, कापडदुकानातल्या विक्रेत्या मुली, एसटीतल्या महिला वाहक यांना तर बसायलाच मिळत नाही. अर्ध्या तासानं उठणं किंवा अर्ध्या तासानं बसणं, या दोन साध्या गोष्टी औषधाहून जास्त उपयोगी आहेत, आणि मालकाच्या परवानगीशिवाय दोन्ही मिळत नाहीत.

कामावर गरोदर बाईला विसावा मिळावा, ही मागणी आजची नाही. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार बायकांच्या प्रसूती-सवलतीचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, असा कायदा करणारा तो देशातला पहिला प्रांत. पुढे १९६१चा केंद्रीय कायदा आला, २०१७ मध्ये रजा २६ आठवड्यांवर गेली. या रजेबद्दल सगळ्यांना माहीत असतं. प्रसूती-सवलतीच्या कायद्यातलं आणखी एक कलम मात्र फारसं कुणी वाचत नाही. गरोदर बाईनं मागणी केली तर दिवस भरण्याआधीच्या ठरावीक काळात तिला कष्टाचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही, असं त्यात लिहिलं आहे. "मागणी केली तर" हे शब्द लक्षात ठेवा. ज्या बाईला कंबर दुखते म्हणायचा संकोच, ती लेखी मागणी करणार कधी?

आणि जिथे मालकच कागदावर नाही, तिथे हे कलमही नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल दोघांची मिळून, फेडायची दोघांनी. बाई एक दिवस पालावर राहिली तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. तोडायला वाकायचं, मोळी बांधायला वाकायचं, मग ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायका हे करताना मी पाहिल्या आहेत. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं समिती नेमली. त्यातल्या कित्येक जणी पोटदुखी, अंगावर जाणं, कंबरदुखी असल्या तक्रारी घेऊन दवाखान्यात गेलेल्या होत्या. मोळीचं दुखणं होतं, काढली गेली पिशवी. कंबर मग दुखायची थांबते का? माझ्याकडे येणाऱ्या बायकांची तरी थांबलेली नाही.

हाडांबद्दल थोडं. १९२०च्या दशकात कॅथलीन व्हॉन ही इंग्रज डॉक्टर काश्मिरात काम करत होती. पडद्यातल्या, उन्हाचं तोंड न पाहणाऱ्या बायकांची हाडं मऊ पडून ओटीचा सांगाडा वाकडा होतो आणि बाळंतपण अडतं, हे तिनं लिहून ठेवलं. त्या आजाराची सुरुवात व्हायची ती कंबर आणि मांड्या दुखण्यापासून. आज इतकी टोकाची अवस्था क्वचित दिसते. पण सदनिकेच्या आत-आत राहणाऱ्या आणि बाहेर पडताना अंगभर झाकून घेणाऱ्या मुलींच्या तपासण्यांत 'ड' जीवनसत्त्व तळाला गेलेलं मी सारखं पाहते. सरकारी केंद्रात कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, त्या घ्या. लोहाच्या गोळीबरोबर मात्र घेऊ नका, दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. एक गोळी दुसरीला अंगी लागू देत नाही.

औषधांचा विषय निघालाच आहे. कंबरेत कळ आली की गावात सुई टोचायची सवय आहे. ती सुई बहुतेक वेळा डायक्लोफिनॅकची असते. वीस आठवड्यांनंतर या जातीची औषधं, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे, टाळायची असतात. बाळाची मूत्रपिंडं मंदावून गर्भजल कमी होऊ शकतं. त्याहून उशिरा दिली तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी, जी जन्मानंतर मिटायला हवी, ती आधीच आकसू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२० मध्ये याबद्दल ठळक इशारा दिला. दुखणं असह्य असेल तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांना विचारून, कमीत कमी दिवस. कंबरेला कोमट पाण्याची पिशवी चालते, पोटाला नाही.

व्यायामाचं म्हणाल तर तो चमत्कार करत नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं ३४ चाचण्या आणि ५,१२१ बायकांची माहिती एकत्र तपासली. जमिनीवरचा किंवा पाण्यातला व्यायाम केलेल्यांची कंबरदुखी कमी झालेली दिसली. पुरावा मात्र कच्चा आहे, असंही त्यांनीच सांगितलं. मला हा प्रामाणिकपणा आवडतो. पोहण्याचा तलाव आपल्याकडे कुठला! पण भिंतीला पाठ टेकून कंबरेचा बाक भिंतीला लावायचा आणि सोडायचा, किंवा हात-गुडघ्यांवर येऊन मांजरीसारखी पाठ वर उचलायची आणि सरळ करायची, हे दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, कुठल्याही घरात जमतं. अडचण असते ती त्या पाच मिनिटांसाठी दार लावून घेण्याची. या पाठीचा विचार आजचा नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीच्या महिन्यावारी परिचर्येचं फळ सांगताना कूस, कंबर, बरगड्या आणि पाठ मऊ होतात असं म्हटलं आहे. त्यातले बस्ती वगैरे उपचार घरच्या घरी कुणी करू नयेत. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की इतक्या जुन्या ग्रंथाला तिची पाठ दिसली होती.

आता मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न. आज पहिल्या रांगेतून तो येणारच आहे, म्हणून आधीच घेते. "माझ्या सिझरला मणक्यात इंजेक्शन दिलं, तेव्हापासून कंबर गेली." महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शंभरातली पंचवीस बाळंतपणं सिझेरियननं झाली. म्हणजे हे वाक्य प्रत्येक गल्लीत बोललं जात असणार.

ती सुई जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची असते. ती कंबरेच्या मणक्यांच्या फटीतून जाते, आणि मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो. टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखतं. काहींचं डोकं दुखतं, बसलं की वाढतं आणि झोपलं की कमी होतं. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअरनं ही भूल पहिल्यांदा दिली आणि स्वतःवरही प्रयोग करून घेतला, तेव्हा त्यालाही ही डोकेदुखी झाली होती. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी? बाळंतपणात कंबरेतून भूल घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना झाली आहे, आणि दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक सापडलेला नाही. गरोदरपणात ज्यांची दुखत होती, त्यांची नंतरही दुखत राहण्याची शक्यता जास्त, एवढं नक्की दिसतं.

मग सगळ्या बायका खोटं बोलतात का? अजिबात नाही. कंबर दुखतेच आहे. पोटाचे स्नायू ताणून मधोमध फाकलेले असतात. त्यात टाके. दिवसातून दहा-बारा वेळा मान खाली घालून, पाठीला आधार न देता, मांडी घालून बाळाला पाजायचं. रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांत. सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पोटाला धोतराचा पट्टा, आणि मग एकदम सासरी परत, त्याच विहिरीवर. दुखण्याची एवढी कारणं हजर असताना आपण एका सुईला पकडतो. मला वाटतं, सुईवर आरोप करणं सोपं पडतं. सुईला सासर नसतं, तिच्यावरून घरात भांडण होत नाही.

मी हे एका बाईंना समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते खरं असंल ओ. पण सुई म्हटली की नवरा ऐकतो. पाणी म्हटलं की ऐकत नाही."

या वाक्यावर मला उत्तर नव्हतं. नर्सबाईंकडे होतं, निदान एक पद्धत होती. त्यांच्या मुलीनं गेल्या वर्षी त्यांची एक वही मला आणून दिली. सरकारी रजिस्टर वेगळं, ही त्यांची स्वतःची, शंभर पानी, शाळेतल्या मुलांची असते तशी. पेन्सिलीनं रकाने आखलेले. नाव, कितवा महिना, वजन, रक्तदाब, बोटाचं रक्त. इथपर्यंत नेहमीचं. मी पाहिलेल्या कुठल्याही तपासणीच्या कार्डावर नव्हता असा शेवटचा रकाना होता: "काय उचलते". त्यात बारीक अक्षरात नोंदी. विहीर, ३ खेपा. हापसा, २. जळण. थोरलं पोर कडेवर. पाट्या, बांधकाम. काही ठिकाणी नोंद खोडून बाजूला लिहिलं आहे: सासूशी बोलले, आता नणंद आणते. एका पानावर: हापसा नादुरुस्त, सरपंचांना सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, आणि खाली रेघ ओढलेली.

एका बाईच्या नावापुढे लागोपाठ तीन नोंदी आहेत. सहावा महिना: "कंबर. विहीर, ४ खेपा. घरी बोलले." सातवा महिना: "कंबर. विहीर, ४ खेपा. परत बोलले." आठव्या महिन्याच्या नोंदीत कंबरेचा उल्लेखच नाही. तिथे एवढंच लिहिलं आहे: "विहीर, ४. त्यातल्या २ मी आणल्या."